मालकी न सोडता माळ राखणं : कॅन्ससच्या झेड-बार रँचचं प्रकरण

डिसेंबर १९६१ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट उडाल कॅन्सस राज्यातल्या एका गवताळ टेकडीवर हेलिकॉप्टरनं उतरले. राष्ट्रीय उद्यानं आणि सरकारी जमिनी तिकडे याच खात्याकडे असतात. पॉटावाटमी काउंटीतली ती टेकडी आणि भोवतालचं हजारो एकर रान घेऊन एक राष्ट्रीय उद्यान करायचं घाटत होतं, म्हणून मंत्री जागा पाहायला आले होते. ते रान ज्याच्याकडे चराईला होतं तो रँचवाला तिथं येऊन उभा होता. तुम्ही न विचारता माझ्या रानात शिरलात, निघा इथून, असं त्यानं सरळ सांगितलं. मंत्री पुन्हा हेलिकॉप्टरमध्ये बसले आणि निघून गेले. दोन वर्षांत उद्यानाचं विधेयकही बारगळलं.

या भांडणाचा पुढचा भाग जास्त रंजक आहे. १९९६ साली त्याच टेकड्यांच्या रांगेत, थोडं दक्षिणेला, सरकारी राखीव गवताळ क्षेत्र झालं. पण त्यात सरकारच्या नावावर १८० एकरांपेक्षा जास्त जमीन असता कामा नये, असं खुद्द कायद्यातच लिहिलं गेलं. आणि २००३ साली राज्यातल्या पशुपालकांच्या संघटनेनं, म्हणजे उद्यानाला दशकानुदशकं विरोध करणाऱ्यांतल्या एका बड्या गटानं, स्वतःचा भूसंवर्धन ट्रस्ट काढला. मंत्र्याला हुसकणं आणि ट्रस्ट काढणं या दोन गोष्टी मला परस्परविरोधी वाटत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच हट्ट आहे : रान आमच्या हातात राहिलं पाहिजे. हा हट्ट पुरा करूनही माळ राखता येतो, हे कळायला सगळ्या बाजूंना पस्तीस वर्षं लागली.

रान

फ्लिंट हिल्स ही पूर्व कॅन्ससमधून उत्तर-दक्षिण गेलेली टेकड्यांची रांग. दक्षिणेला ती ओक्लाहोमात शिरते तेव्हा तिला ओसेज हिल्स म्हणतात. टेकड्या म्हटल्यावर सह्याद्री डोळ्यांपुढे आणू नका. गोलसर लांबलचक उतार, मधून ओढे, ओढ्याकाठी तेवढी झाडं, बाकी नजर पोचेल तिथवर गवत. जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत आणि त्या थरांत चकमकीच्या दगडाच्या गाठी. चुनखडी पाण्यानं विरघळते, चकमक विरघळत नाही. ती मातीत तशीच साठत राहते. नांगर घातला की फाळ दगडावर खणखणतो. आयोवा-इलिनॉयची काळी कसदार जमीन याच गवताखाली होती. ती मक्याखाली आणि पुढे सोयाबीनखाली गेली. इथली गेली नाही. एकेकाळी उत्तर अमेरिकेत सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताचं माळरान होतं. आज त्यातलं चार टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि उरलेल्याचा मोठा हिस्सा या टेकड्यांवर आहे. तो कुणाच्या निसर्गप्रेमामुळे वाचला असं म्हणणं खोटं ठरेल. दगडांमुळे वाचला.

इथलं मुख्य गवत बिग ब्लूस्टेम. चांगल्या पावसाच्या वर्षी ओढ्याकाठच्या खोल मातीत ते माणसाच्या डोक्यावर जातं. त्याच्या जोडीला लिटल ब्लूस्टेम, स्विचग्रास आणि इंडियन ग्रास. ही चौकडी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. बिग ब्लूस्टेम, ज्वारी, ऊस आणि मका एकाच गवतकुळातले. इंडियन ग्रासचं शास्त्रीय नावच मुळी ‘ज्वारीची नक्कल’ अशा अर्थाचं आहे. सोलापूरकडच्या माणसाला त्याचं कणीस बघून घरच्यासारखं वाटेल.

या भागात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर झाडं सहज येतात. तरी हजारो वर्षं इथं गवतच राहिलं, कारण आग आणि तोंडं. इथले मूळनिवासी कॉ आणि ओसेज लोक माळ पेटवत, विजाही पेटवत, आणि जळाल्यावर फुटलेल्या कोवळ्या गवतावर बायसनचे, म्हणजे तिकडच्या रानगव्यांचे, कळप येत. पुढे बायसन मारून संपवले गेले. १८७३ साली कॉ लोकांना काउन्सिल ग्रोव्हजवळच्या त्यांच्या राखीव भागातून ओक्लाहोमाकडे हलवण्यात आलं. त्यानंतर आठ वर्षांनी, शेजारच्या चेस काउंटीत, स्टीफन जोन्स नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्यानं चुनखडीचं घडीव दगडी घर आणि तीन मजली गोठा बांधला. ‘पिढ्यान् पिढ्या राखलेलं रान’ असं जेव्हा या प्रकरणात म्हटलं जातं, तेव्हा मोजणी १८८१ पासून सुरू झालेली असते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

जोन्सची ही स्प्रिंग हिल रँच. त्यानं ती १८८८ साली विकली, पुढे ती हात बदलत गेली, आजूबाजूच्या जमिनी जोडल्या गेल्या आणि विसाव्या शतकात ती झेड-बार या नावानं ओळखली जाऊ लागली. १९८० च्या दशकात ती १०,८९४ एकरांची होती, कर्ता मालक हयात नव्हता आणि कारभार एका बँकेच्या विश्वस्त विभागाकडे आलेला. म्हणजे विक्रीला निघणार हे उघड होतं. कोण घेणार हाच प्रश्न.

विरोध कशाला होता

बाहेरून पाहणाऱ्याला हा विरोध अडाणी वाटतो. ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटलं की पर्यटक, रोजगार, कीर्ती. नाही कोण म्हणेल? पण १९६१ साली त्या टेकडीवरून खाली पाहिलं की टटल क्रीक धरणाचं काम दिसत होतं. बिग ब्लू नदीच्या खोऱ्यातल्या लोकांनी ते धरण होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला होता आणि ते हरले होते. गावं उठली. रँडॉल्फ नवीन जागी वसवलं गेलं, अर्व्हिंग नकाशावरूनच गेलं. मुळशी आणि कोयना ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं त्यांना समजावून सांगायची गरज नाही, की अशा खोऱ्यात सरकारी हेलिकॉप्टर उतरलं की लोकांच्या पोटात काय होतं. सरकारला अमेरिकेत जमीन सक्तीनं घ्यायचा अधिकार आहे, आणि तो वापरलेला त्यांनी नुकताच पाहिला होता.

दुसरं कारण रोकड्या हिशेबाचं. चेस काउंटीची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. शाळा, रस्ते, काउंटीचा कारभार चालतो तो मालमत्ता करावर. अकरा हजार एकर जमीन केंद्र सरकारच्या नावावर गेली की ती करातून बाहेर. उरलेल्यांच्या डोक्यावर बोजा वाढणार.

तिसरं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं, कारण ते गवताबद्दलचं आहे. उद्यान म्हणजे गुरं बाहेर, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. पण रँचवाल्यांना अनुभवानं ठाऊक होतं की गुरं काढली आणि जाळणं थांबवलं तर दहा-वीस वर्षांत लाल सेडरची झुडपं माळ गिळतात. म्हणजे जो माळ ‘वाचवायला’ सरकार येणार, तो सरकारच्या हातात माळ म्हणून उरेलच याची खात्री नाही. आम्ही राखलं म्हणून तुम्हाला हवंसं वाटलं आणि आता आम्हीच उठायचं, असा त्या रागाचा सूर होता. पुढे संशोधनानं ही बाजू बरीचशी खरी ठरवली. कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावाजवळच्या कॉन्झा प्रेअरीत, नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेनं १९७१ पासून जमवलेल्या सुमारे ८,६०० एकरांवर, कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीनं रानाचे पाणलोट वाटून घेतले : काही दर वर्षी जाळायचे, काही दोन वर्षांनी, काही चार, काही वीस. वीस वर्षं न जाळलेले पाणलोट झुडपांनी आणि झाडांनी भरले. नंतर पेटवलं तरी ते सहजी मागं फिरत नाहीत, हेही तिथंच दिसलं.

१९७० च्या दशकात पुन्हा उद्यानाची मोहीम झाली, पुन्हा विरोधाची संघटना उभी राहिली, पुन्हा काही झालं नाही. तो इतिहास इथं उगाळत नाही.

१८० एकरांची तोड

झेड-बार विकाऊ झाल्यावर आधी नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी या पक्षी-संवर्धन संस्थेनं तिच्यावर खरेदीचा हक्क राखून ठेवला आणि राष्ट्रीय स्मारकाची कल्पना मांडली. १९९१ साली खासदार डॅन ग्लिकमन यांनी तसं विधेयकही आणलं. शेतकरी संघटना आणि पशुपालक संघटना दोन्ही विरोधात उभ्या राहिल्या. तेव्हा कॅन्ससच्या सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांनी वेगळी वाट धरली. दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलाशी बसवली आणि विचारायचा प्रश्न बदलला. ‘उद्यान हवं की नको’ यावर हे लोक तीस वर्षं भांडतच होते. आता विचारलं गेलं : जमीन सरकारच्या नावावर न होता हे रान लोकांना बघायला मिळू शकतं का?

उत्तर मिळालं ते असं. जून १९९४ मध्ये नॅशनल पार्क ट्रस्ट या खासगी, ना-नफा संस्थेनं रँच सुमारे ४८ लाख डॉलरना विकत घेतली. एकरी साडेचारशे डॉलरच्याही आत. नोव्हेंबर १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनं टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह अस्तित्वात आलं. नावात ‘पार्क’ नाही, ‘प्रिझर्व्ह’ आहे. हा शब्दही घासाघीस करून आलेला. सरकारला १८० एकरांपर्यंतच जमीन घेता येईल आणि तीही दानानं. सक्तीचा मार्ग बंद. बाकी सगळी ट्रस्टची. राष्ट्रीय उद्यान सेवेनं घर, गोठा, शाळा सांभाळायची, पर्यटकांना रान दाखवायचं, जमीनमालक संस्थेबरोबर मिळून व्यवस्थापन करायचं. सल्ला द्यायला समिती, त्यात शेजारचे जमीनधारक आणि गवताचे जाणकार. चराई चालू राहणार. उद्यान सेवेनं प्रत्यक्षात घेतली ती ३२ एकर जमीन, २००२ साली, दगडी घर आणि गोठ्यासकट.

कागदावर हे झकास दिसतं. व्यवहारात लगेच पैशाचं दुखणं निघालं. ट्रस्टनं रँच घेतली खरी, पण ती घ्यायला कर्ज उचललं होतं. ते भागवायला चराईचा हक्क ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं टेक्सासचे धनाढ्य एड बॅस यांना दिला आणि सुमारे २० लाख डॉलर आगाऊ घेतले. म्हणजे जमीन संवर्धनाची, आणि गवत कुणी, किती, कधी खायचं हे ठरवणारी दोरी दुसऱ्याच्याच हातात. ज्या कुणाला घाईघाईत जमीन ‘वाचवायची’ असते त्यानं हा भाग दोनदा वाचावा. खरेदीची रक्कम जमवणं सोपं, कारण त्याचा फोटो निघतो, बातमी होते. दर वर्षी कुंपण, तण, जाळण, कर्मचारी यांना लागणारा पैसा जमवताना कुणी फोटो काढत नाही. अखेर २००५ साली द नेचर कॉन्झर्व्हन्सी या मोठ्या संस्थेनं जमीन आपल्या नावावर घेतली, तेव्हा कुठे घडी बसली.

गवत कुणी खायचं

फ्लिंट हिल्सची चराई हा स्वतंत्र धंदा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टेक्सासची हडकुळी गुरं रेल्वेनं इथं यायची, उन्हाळाभर ब्लूस्टेम खाऊन अंग धरायची आणि पुढे कत्तलखान्याला जायची. खालच्या चुनखडीमुळे गवत कसदार, असं इथले लोक सांगतात. पुढे या धंद्यात एक युक्ती रूढ झाली : खच्ची केलेले गोऱ्हे नेहमीच्या दुप्पट सोडायचे, पण अर्ध्याच हंगामासाठी. एप्रिलअखेर आत, जुलैच्या मध्याला बाहेर. गवत कोवळं आणि पौष्टिक असतं तेवढ्यात वजन वसूल करायचं. मग उरलेला उन्हाळा गवताला सावरायला मोकळा. त्यासाठी दर वसंतात सगळं रान एकजात पेटवायचं, म्हणजे जुनं वाळलेलं गवत मधे येत नाही.

गवताला हे मानवतं. पाखरांना नाही. ग्रेटर प्रेअरी चिकन नावाचा तिथला एक पक्षी आहे. त्याचे नर, आपल्या माळढोकासारखेच, ठरलेल्या उघड्या जागी येऊन मानेचे फुगे फुगवून नाचतात. नाचायला आखूड गवत चालतं, पण मादीला घरटं करायला गेल्या वर्षीचं उभं वाळलेलं गवत लागतं. ते दर एप्रिलात राख होत असेल तर अंडी घालायची कुठे? म्हणजे राखलेल्या, हिरव्यागार, उत्तम चराईच्या रानात हा पक्षी घटू लागला.

२००५ नंतर प्रिझर्व्हमध्ये तुकड्यातुकड्यानं जाळायची पद्धत आली. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या गवताळ प्रदेशाच्या अभ्यासकांनी ती पुढे आणली होती. रानाचा साधारण तिसरा हिस्सा दर वर्षी जाळायचा, आणि आतमध्ये कुंपण घालायचं नाही. गुरं स्वतःहून ताज्या जळक्यावरच्या कोवळ्या फुटव्यावर जातात, तिथं गवत आखूड ठेवतात. मागच्या वर्षी जळलेलं मध्यम वाढतं. त्याआधीचं उंच आणि दाट. एकाच रानात नाचायची जागा, पिलं फिरवायची जागा, घरट्याची जागा. गुराख्याची काठी न लागता आगच गुरं हाकते. बायसन आणि आगीचं जे जुनं नातं होतं ते इथं गोऱ्ह्यांकडून वठवून घेतलं जातं.

खुद्द बायसनही आले. २००९ साली साउथ डाकोटाच्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून १३ जनावरं आणून विंडमिल पास्चर नावाच्या हजारभर एकरांच्या वाड्यात सोडली. आता तो कळप शंभराच्या आसपास असतो. कॉन्झातल्या जवळपास तीन दशकांच्या मोजणीत, जिथं बायसन वर्षभर चरले तिथं देशी वनस्पतींच्या जाती जवळजवळ दुपटीला पोचल्या. गुरांच्या रानात त्या वाढल्या, पण त्याहून बऱ्याच कमी. त्यावरून ‘गुरं काढा, बायसन भरा’ म्हणणारे आहेतच. पण रँचवाल्याचं घर बायसनच्या जातसंख्येवर चालत नाही.

सातबाऱ्यावरची नोंद

इथपर्यंत ही अकरा हजार एकरांची गोष्ट झाली. फ्लिंट हिल्समधलं गवत लाखो एकरांवर आहे आणि जवळजवळ सगळं खासगी मालकीचं. एकेक रँच विकत घेऊन ते राखायचं म्हटलं तर पैसा पुरणार नाही आणि माणसं पुन्हा उठवावी लागतील. झेड-बारच्या तोडीतून लोकांनी धडा घेतला तो मालकीचे तुकडे करता येतात हा. त्यासाठीचं हत्यार अमेरिकेत आधीपासून होतं. त्याचं नाव कॉन्झर्व्हेशन ईझमेंट.

आपल्याकडे कायद्यात सुविधाधिकार म्हणतात, कोर्टाच्या आवारात सगळे ‘ईझमेंट’च म्हणतात. शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी न्यायची वहिवाट, हे नेहमीचं उदाहरण. १८८२ च्या आपल्या कायद्यात, जसं जुन्या इंग्रजी कायद्यात, असा हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर मिळतो. तुमचं शेत असेल तर त्या शेताला शेजारच्या शेतातून वाट. ज्याची लगत जमीनच नाही अशा एखाद्या संस्थेला ‘हे रान नांगरू नये’ असा कायमचा हक्क त्यात बसत नाही. अमेरिकेतही हीच अडचण होती. १९८१ साली एक नमुना कायदा तयार झाला, राज्यांनी तो एकेक करून उचलला, कॅन्ससनं १९९२ साली. त्यानं सांगितलं की पात्र संस्थेला, लगत जमीन नसतानाही, असा हक्क धारण करता येईल आणि तो पुढच्या सगळ्या मालकांवर बंधनकारक राहील.

व्यवहार कसा होतो? रँचवाला ट्रस्टला आपल्या मालकीतले काही हक्क देऊन टाकतो किंवा विकतो : प्लॉट पाडायचा हक्क, नांगरायचा, खाण खणायचा, पवनचक्क्या उभारायचा. बाकी सगळं त्याचंच. गुरं चारा, रान जाळा, कुंपण घाला, विका, मुलांना द्या, शिकारीला भाड्यानं द्या. घर आणि गोठ्याभोवती थोडी जागा मोकळी ठेवतात, तिथं बांधकाम चालतं. लोकांना आत यायची परवानगी द्यावी लागत नाही. हा गैरसमज तिथंही फार आहे. दस्त काउंटीत नोंदवला जातो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढवावा तसाच हा प्रकार, फक्त हा बोजा कर्ज फेडून उतरत नाही. सही करण्याआधी ट्रस्टची माणसं रान पायाखाली घालून फोटो आणि नकाशांसह आधारनोंद करतात, आणि पुढे दर वर्षी एकदा येऊन त्या नोंदीशी ताडून बघतात.

पैशाचा भाग असा. समजा, रानाची बाजारकिंमत ४० लाख डॉलर आहे आणि ही बंधनं घातल्यावर ते २८ लाखांना जाईल. मधले १२ लाख ही ईझमेंटची किंमत. ती दान केली तर प्राप्तिकरात वजावट मिळते; ज्याचं मुख्य उत्पन्न शेती-पशुपालनातलं आहे त्याला उत्पन्नाच्या १०० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढची १५ वर्षं. पण ज्याचं करपात्र उत्पन्नच तुटपुंजं त्याला वजावटीचा काय उपयोग? फ्लिंट हिल्समध्ये असे पुष्कळ : नावावर हजार एकर, खिशात खडकू नाही. त्यांच्यासाठी केंद्राच्या कृषी खात्याची योजना ईझमेंटच्या किमतीतला निम्मा वाटा देते, खास महत्त्वाच्या गवताळ जमिनीला पाऊण. मिळालेल्या पैशात भावाबहिणींचे हिस्से चुकते करून एकानं रँच अखंड ठेवायची, हा त्याचा एक ठळक उपयोग. वाटण्यांनी जमीन कशी मोडते ते मराठी वाचकाला मी काय सांगणार.

आणि आता ते २००३. कॅन्सस लाइव्हस्टॉक असोसिएशननं रँचलँड ट्रस्ट ऑफ कॅन्सस स्थापला. राज्यात दुसरे ट्रस्ट होते, मोठे आणि अनुभवी. पण रँचवाल्याला आपल्या रानावर दर वर्षी येणारा माणूस आपल्यातला हवा होता, गोऱ्हा आणि बैल यातला फरक कळणारा. यात तत्त्वज्ञान नाही. माणूस सही कुणासमोर करतो, एवढाच प्रश्न आहे. केंद्रानंही पुढे हीच पायवाट धरली. २०११ साली सुरू झालेल्या फ्लिंट हिल्स लेगसी कॉन्झर्व्हेशन एरियात वन्यजीव खात्यानं ११ लाख एकरांपर्यंत मजल ठरवली, पण फक्त ईझमेंटची, आणि तीही ज्याला द्यायची आहे त्याच्याकडून. उडाल यांचं हेलिकॉप्टर उतरल्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं होत होती.

आपल्याकडचं एक उदाहरण इथं टाळता येत नाही. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात शेतं, गावं, बाजारपेठा सगळं आलं. ज्यांच्या सातबाऱ्यावर एकही माळढोक कधी उतरला नाही त्यांचेही खरेदी-विक्रीचे व्यवहार अडकले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. रेघ नकाशावर आधी ओढली, माणसांशी बोलणं नंतर. तिथं पक्ष्याबद्दल जी चीड साठली ती पक्ष्याची चूक नव्हती.

जे अजून मिटलेलं नाही

ईझमेंटवर आक्षेप आहेत आणि ते सगळे फुसके नाहीत. ‘कायमचं’ हा शब्द पहिला. आजच्या मालकानं सही करून नातवाच्या नातवाचे हात बांधायचे, हे कितपत न्याय्य? आजोबांना पवनचक्क्या नको होत्या. नातवाला त्या भाड्यावर रँच टिकवायची असेल तर? हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. २००५ साली बटलर काउंटीत एल्क रिव्हरचा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच सुमारास राज्यपाल कॅथलीन सेबिलियस यांनी टेकड्यांच्या गाभ्यात नव्या पवनचक्क्या नकोत अशी भूमिका घेतली. २०११ साली राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनी ते क्षेत्र आणखी वाढवलं. पक्ष वेगळे, निर्णय एकाच दिशेचा. पण कुंपणाच्या या बाजूच्या माणसाला भाडं मिळालं आणि त्या बाजूच्याला नाही, याचा सल राहतोच.

दुसरा आक्षेप लबाडीचा. देशाच्या इतर भागांत काही गुंतवणूकदारांनी टोळ्या करून स्वस्त जमीन घ्यायची, तिची भरमसाट किंमत लावून ईझमेंट दान करायचं आणि करात घबाड मिळवायचं, असा उद्योग चालवला. करखात्यानं २०१६ मध्ये अशा व्यवहारांवर खूण केली आणि २०२२ च्या कायद्यानं भागीदारीतल्या अशा वजावटीला गुंतवणुकीच्या अडीच पटींची मर्यादा घातली. प्रामाणिक रँचवाल्याच्या कागदपत्रांची छाननी त्यामुळे आणखी कडक झाली.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. ईझमेंट सांगतं काय करू नये. नांगरू नका, प्लॉट पाडू नका. ‘दर तीन वर्षांनी जाळा’ असं सहसा त्यात नसतं, आणि असलं तरी म्हाताऱ्या मालकाकडून ते करून कोण घेणार? म्हणजे दस्तातल्या प्रत्येक कलमाचं तंतोतंत पालन होऊन, वार्षिक भेटीत सगळं ठीक अशी नोंद होऊन, पंचवीस वर्षांत तिथं सेडरचं रान उभं राहू शकतं. शिवाय धुराचंही लचांड आहे. एप्रिलच्या काही मोजक्या दिवसांत सगळे एकदम पेटवतात, वारा फिरला की धूर कॅन्सस सिटीपर्यंत जातो, हवेतला ओझोन वाढतो आणि शहरातून ओरड होते. शहराकडून येऊन टेकडीवर घर बांधलेला नवा शेजारी तर काडी ओढायच्या आधीच फोन करतो.

म्हणून काही काउंट्यांत रँचवाल्यांनी जाळणाऱ्यांची मंडळं केली आहेत. ज्याचं रान त्यानं हवामान बघायचं, वाऱ्याची दिशा नि आर्द्रता टिपायची, काउंटीला फोन करायचा. बाकीचे आपापल्या गाडीवर पाण्याची टाकी, पंप आणि ठिबकती मशाल घेऊन येतात. आधी वाऱ्याखालच्या बाजूनं पट्टा जाळून घ्यायचा, दोन्ही कडा बांधून घ्यायच्या, आणि मगच वाऱ्याच्या बाजूनं पेटवायचं. तासाभरात उतार काळा होतो. आज याचं रान, परवा त्याचं. कुणाच्या रानावर ट्रस्टची नोंद आहे आणि कुणाच्या नाही, हे त्या दिवशी विचारलं जात नाही. आठ-दहा दिवसांत राखेतून हिरवं डोकावतं आणि ट्रकमधून गोऱ्हे उतरायला लागतात.